सात नंबरची वेल

स्वतःला हुशार समजणारा एक साहेब मिळाला की कंपनीत किस्स्यांना तोटा नाही राव! आमच्या चाकणच्या टेस्टिंग लॅबला तो मिळाला.

गाड्यांचे पार्ट तापवून, गोठवून तपासायचं आमचं काम. एका वाइनरीने विचारलं, ऊन असंच वाढत गेलं तर कोणती द्राक्षं तग धरतील, ते शोधून द्याल का? साहेबांचं आयुष्य ब्रेक तपासण्यात गेलेलं. तरी लगेच "हो" म्हणाले!

*

द्राक्षवेलीची पहिली कुंडी आली. साहेबांनी ती थेट व्हायब्रेशन मशीनवर चढवली.

मी म्हटलं, "सर, ही गाडीत बसवायची नाहीये."

"रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये व्हायब्रेशनचा रकाना आहे ना!"

रिपोर्टमध्ये लिहिलं, 'पानं सैल. टाइट करावीत.'

*

वेलींना पंचेचाळीस डिग्री, साहेबांच्या केबिनला अठरा. एकदा दुपारी एसी बंद पडला. दहा मिनिटांत साहेब घामाघूम होऊन घरी निघाले. "या हवेत कोण जगेल?" वेलींसमोर उभं राहून म्हणाले! लाजच नाही माणसाला.

*

पाणी घालायला कुरुळीचे तात्या होते, कॉन्ट्रॅक्टवरचे माळी. प्रयोग चालू तोवरच त्यांची नोकरी. साहेबांनी भर दुपारी पाणी घालायचं टाइमटेबल काढलं.

तात्या म्हणाले, "साहेब, मुळ्या उकडत्याल."

"तात्या, रिसर्च कोण करतंय?"

आठवड्यात निम्म्या वेली गेल्या.

*

शेवटी वाइनरीच्या मॅनेजर बाई पाहणीला आल्या. सगळ्या वेली वाळलेल्या, सात नंबरची मात्र हिरवीगार! साहेबांनी छाती फुगवून तासभर भाषण ठोकलं.

बाई खूश. "हिच्या काड्या द्या. आमच्या शेतकऱ्यांच्या बागांत हीच लावू."

तात्या मागे चुळबुळत होते. बोललो तर नोकरी जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी पुढे आले.

"बाई, काड्या नगा नेऊ. ही द्राक्ष न्हाई, तोंडली हाय. द्राक्ष कवाच जळाली. साहेब म्हणलं, पाव्हणं यायचेत, कुंडी मोकळी दिसाया नको. म्हून घरची लावली."

बाई तडक गाडीत जाऊन बसल्या.

तात्यांचा गेटपास त्याच संध्याकाळी बंद झाला. कारणाच्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'झाडांची माहिती नाही.'