बारा वर्षं पंपावर

इंद्रजीत आडेबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण मला त्याची फारशी माहिती नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याला कोणती भाजी आवडायची, लहानपणी तो कसा होता, यातलं काहीच मी सांगू शकत नाही. बारा वर्षं तो रोज माझ्या खिडकीसमोर उभा राहिला. त्याचा टोकन नंबर ४१७ होता, तो मला अजून पाठ आहे. त्याच्या मुलीचं नाव उज्ज्वला, हे मात्र मला तो गेल्यावर कळलं.

मी वणीजवळच्या एका कोळसा खाणीत हाजरी बाबू होतो. कामगार येणार, टोकन देणार, मी खूण करणार. जन्मभर मी लिहिलं ते एवढंच. माझी बायको कौसल्या म्हणाली, हिवाळ्यापासून तुम्ही धड जेवत नाही, मनात आहे ते एकदा कागदावर उतरवा. म्हणून बसलो. चुकेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

इंद्रजीत बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. तो आणि त्याचा मोठा भाऊ फुलसिंग यांचं मिळून नऊ एकर शेत होतं आणि त्यात एक विहीर. २००६ मध्ये शेत खाणीत गेलं. त्या शेतापोटी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. फुलसिंग शाळेत गेलेला नव्हता, त्याचा मुलगा अतुल आठ वर्षांचा होता. इंद्रजीत दहावी पास, वय तिशीतलं. त्याचं नाव लागलं.

पण त्याच्या आधी तांड्यावर एक बैठक झाली होती. ती मला पुष्कळ उशिरा कळली. दोघा भावांची विहीर एकच होती, तेव्हा पाण्याची पाळी ठरलेली असे. तीन दिवस फुलसिंग पाणी घेणार, तीन दिवस इंद्रजीत, आणि सातवा दिवस विहिरीला मोकळा. यावरून त्यांचं कधी भांडण झालं नाही. नोकरी आली तेव्हा तांड्याच्या नायकाने तोच न्याय लावला. शेत दोघांचं, म्हणजे नोकरीही दोघांची. बारा वर्षं इंद्रजीतने करायची, तोवर अतुल वीस वर्षांचा होईल, मग पाळी अतुलची. सेवाभायाच्या देवळापुढे दोघा भावांनी हातात हात देऊन ते कबूल केलं. खाणीच्या ऑफिसात कोणी विचारायला आलं नाही. विचारण्यासारखं यात काही आहे, असं त्यांना वाटलंच नसेल. यात हसण्यासारखं काही नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

इंद्रजीतला पंपावर घातलं. खाणीच्या तळाशी पाणी साचतं, ते पंपाने वर काढावं लागतं. पंप चालू आहे का, पाईप फुटला का, हे पाहत आठ तास बसायचं, एवढंच काम. महिन्यातून एकदा मला हजेरी तपासायला खाली उतरावं लागे. तो पंपाच्या शेडच्या सावलीत स्टुलावर बसलेला असे. सावली सरकली की तो स्टूल सरकवायचा. सकाळी या बाजूला, दुपारनंतर त्या बाजूला. हातात अंबाडीचा वाक, म्हणजे सालीचे धागे, असायचे आणि तो दावी वळत असायचा. बैल नव्हते, तरी दावी वळायचा. कोणाला हवी त्याला देऊन टाकायचा.

"काम कसं वाटते?" मी एकदा विचारलं.

"काम पंप करते, बाबू. मी त्याच्याजवळ बसतो."

"अरे, अशा कामासाठी लोक साहेबांच्या मागे फिरतात."

"मंग त्याइले द्या. मले बैलामांगं धाडा."

आम्ही दोघंही हसलो. मग त्याने मान वर करून हवेत बोट दाखवलं. खाणीच्या काठाच्याही आत, जिथे आता काहीच नव्हतं, तिथे.

"आमची विहीर तिथं होती," तो म्हणाला.

मी पाहिलं. तिथे एक घार फिरत होती.

हे सगळं तो सहज सांगायचा, तक्रार म्हणून नाही. त्यामुळे त्याला ही नोकरी किती जड जात होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एकदा एवढंच बोलला होता, "दिवसभर हात रिकामे राह्यले का रात्री जेवाची लाज वाटते."

२०१७ ची दिवाळी झाली. त्यानंतर एक दिवस तो भलत्याच वेळी खिडकीशी आला.

"बाबू, नोकरी सोडाची असन तं काय करा लागते?"

मी रजिस्टरातून डोकं वर काढलं नाही. नेहमीचं सांगून टाकलं. अर्ज दोन प्रतींत. एक महिन्याची सूचना. हेल्मेट, बूट, टॉर्च परत करायचे, आणि काही बाकी नाही म्हणून प्रत्येक खात्याची सही आणायची. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन पुतण्याचं नाव कोणत्या कागदावर टाकाचं?"

तेव्हा मी वर पाहिलं. त्याने बैठकीचं, विहिरीच्या पाळीचं, सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी बारा वर्षं पुरी होत होती.

"इंद्रजीत, नोकरी सोडता येते," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या नावाने करता येत नाही. तू सोडली की संपली. कोणालाच मिळणार नाही."

"जमीन तं करता येते, बाबू. नोकरी जमिनीचीच हाय नं?"

मी रजिस्टर पुढे ओढलं. नियम असा आहे, एवढं म्हटलं.

त्याने घरी जाऊन तसं सांगितलं. फुलसिंगचा विश्वास बसला नाही. बारा वर्षं पगार घेतला आणि आमची पाळी आली तेव्हा नियम आठवला, असं तो म्हणाला. भिंतीला भिंत लागून दोघांची घरं, पण फुलसिंगने अंगणात मधे तुराट्यांचं कुंपण घातलं. होळीला तांड्यावर लेंगीची गाणी म्हणतात, तेव्हा हे दोघे भाऊ शेजारी उभे राहायचे. त्या होळीला फुलसिंग रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. हे इंद्रजीतनेच मला सांगितलं, टोकन देता देता.

मग एक दिवस म्हणाला, "बाबू, तुमी या नं एखाद्या रविवारी तांड्यावर. माह्यं भिया ऐकत नाई. तुमी सांगतलं तं मानन. कागद तुमच्या हातून जातात, हे त्याले मालूम हाय."

भिया म्हणजे भाऊ. मी म्हटलं, "येतो."

मी गेलो नाही. कारण सांगायचं तर काही नाही. चार माणसांपुढे उभं राहून बोलणं मला कधीच जमलं नाही. चौदा एप्रिलला आमच्या विहारात कोणी दोन शब्द बोला म्हटलं की मी चपला शोधायला बाहेर जातो. तांड्यावर नायक असणार, कारभारी असणार, सगळे माझ्या तोंडाकडे पाहणार. पहिल्या रविवारी पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी स्कूटर बिघडली. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, तरी मी घरीच बसलो. दर सोमवारी इंद्रजीत म्हणायचा, "काल चाय मांडला होता, बाबू." चौथ्या सोमवारी नुसतं टोकन दिलं आणि गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये तो अर्ज घेऊन आला. अक्षर चांगलं होतं, दहावी पास माणसाचं. घरगुती कारणामुळे मी राजीनामा देत आहे, असं लिहिलं होतं.

"असं नको करू," मी म्हटलं. "सांगितलं ना तुला, कोणालाच मिळणार नाही."

"ध्यानात हाय."

"मग कायले सोडतो?"

"मी सोडली आन अतुलले नाई भेटली, तं भियाले कळन का मी खोटं नोतो बोलत."

मला म्हणायचं होतं की थांब, आज सुट्टी झाली की मी तुझ्याबरोबर येतो. ओठांपर्यंत आलं होतं. त्याच्या मागे दुसऱ्या पाळीची रांग लागली होती. कोणीतरी ओरडलं, "ओ आडे, लग्नाची पत्रिका देऊन राह्यला का बाबूले?" लोक हसले. इंद्रजीतही हसला. मी अर्जावर शिक्का मारला.

साहेबांनी त्याला दोनदा बोलावलं. पक्की सरकारी नोकरी कोणी अशी सोडतं का, म्हणाले. तो दोन्ही वेळा "घरचं कारण हाय" एवढंच बोलला. महिना भरला. शेवटच्या दिवशी त्याने सगळ्या सह्या आणल्या. हेल्मेट धुऊन आणलं होतं. बारा वर्षांची काळी रेघ काठावर होती, ती तेवढी गेली नव्हती. बूट एकात एक घातलेले. आणि माझ्यासाठी अंबाडीची एक लांब दोरी.

"वहिनीले द्या. कपडे वाळू घालाले."

त्यानंतर पंधरा दिवसांनी अतुल ऑफिसात आला होता. काकाची नोकरी माझ्या नावावर करा म्हणाला. मी नियम सांगितला. तो तसाच माघारी गेला. मला वाटलं, चला, आता फुलसिंगला कळलं असेल. इंद्रजीतचं काम झालं. खोटं कशाला सांगू, मला थोडं हलकंही वाटलं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. इंद्रजीत तांडा सोडून मुकुटबनकडे गेल्याचं कानावर आलं. त्याची बायको मानीबाई तिकडची. तिच्या भावाचं शेत तो वाहत होता.

मागच्या पौषात तो वारला. तापाचं निमित्त झालं. वणीच्या दवाखान्यात आणेपर्यंत संपलं होतं. मला हे महिन्याभराने कळलं, आणि सांगायला आला तो फुलसिंग. मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. हातात काठी, डोक्याला रुमाल. विचारत विचारत घर शोधलं होतं त्याने.

बसला आणि एकदम म्हणाला, "खरंच तसा नियम होता का, बाबू?"

"होता."

"त्याच्या तेराव्याले एक खाणीतला माणूस आलता. तो बी तेच म्हणे." मग त्याने डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "त्यानं नोकरी सोडली, अतुल ऑफिसातून हात हालवत आला, तवा मले वाटलं, सोडाच्या आधी नावावर करता येत होती, अतुलले भेटू नाई म्हणून मुद्दाम सोडली. स्वतः खाल्ली आन आमची पाळी आली तं मातीत घातली. मी तसं म्हटलं त्याले. साऱ्या तांड्यासमोर."

"तो काय म्हणाला?"

"गाडीत सामान भरलं आन गेला."

कौसल्याने पाणी आणून दिलं. त्याने तांब्या हातात धरून ठेवला.

"मानीबाई म्हणते, त्यानं तुमाले बलावलं होतं. चार रविवार वाट पाह्यली म्हणे. मंग आले काहून नाई तुमी?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो पाणी प्याला आणि उठला. अंगणातून जाताना कपड्यांच्या दोरीपाशी थांबला. कौसल्याचं लुगडं वाळत होतं, ते त्याने हळूच बाजूला सारलं आणि दोरीवरून बोटं फिरवली.

"उलटा पीळ हाय," म्हणाला. "डावखोरा होता तो."

फाटक लावून गेला. मी त्याला बसस्टँडपर्यंतही सोडायला गेलो नाही.

इंद्रजीतची आणि माझी शेवटची भेट तो जाण्याच्या दीड-पावणेदोन वर्षं आधीची, उन्हाळ्यातली. मुकुटबनला एक लग्न होतं. वणीच्या स्टँडवर बसमध्ये चढलो तर तो आत होता. बियाण्याची पिशवी पायाशी, नवा विळा कागदात गुंडाळलेला. तळहात पार काळे, राठ झाले होते. चेहरा मात्र उतरला होता. फुलसिंग साऱ्या तांड्यासमोर त्याला काय बोलला, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तरी एवढं माहीत होतं की मी येतो म्हणालो होतो आणि गेलो नव्हतो. तेवढं आज बोलून टाकावं, असं मनात आलं.

"शेती कशी काय?" मी विचारलं.

"बरी हाय. हात रिकामे नाई राह्यत."

"आणि फुलसिंग?"

"बरा असन," तो म्हणाला.

कंडक्टर घाई करत होता, मागून लोक चढत होते. इंद्रजीतच्या शेजारी पिशवीमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. मी पलीकडच्या सीटवर बसू लागलो. पुढे वाटेत त्याला झोप लागली. तो मुकुटबनच्याही पुढे कुठल्याशा फाट्यावर उतरणार होता. मुकुटबनला मी उतरलो तेव्हाही तो खिडकीला डोकं टेकून झोपलेलाच होता. उठवावं की नाही, याचा विचार करेपर्यंत बस निघाली. म्हणजे आमचं शेवटचं बोलणं ते, मी पलीकडे बसू लागलो तेव्हाचं, सीटचंच.

"तिकडं नका बसू, बाबू," तो म्हणाला. "दुपारचं ऊन तिकडून येते. या बाजूनं बसा."

"बरं," मी म्हटलं.