होडीतले पाहुणे

जगात नवी निघालेली कुठलीही वस्तू माझ्या सासऱ्यांच्या होडीत पंधरा दिवस राहून आल्याशिवाय पास झाली, असं मी आजही मानत नाही. सरकार तिला परवाना देवो, दुकानदार तिची हमी देवो, अवघी मुंबई ती वापरो. अमावस्येच्या उधाणापासून पुनवेच्या उधाणापर्यंत सासऱ्यांनी ती खाडीत फिरवून आणली नसेल, तर तिचं खरंखोटं अजून ठरायचं आहे. बेलापूरच्या खाडीवरच्या कोळीवाड्यात त्यांचं घर होतं आणि घरासमोर, घरापेक्षा जास्त निगा राखलेली, त्यांची होडी होती. घराची कौलं चार ठिकाणी गळत, त्याबद्दल त्यांची तक्रार नसे. होडीच्या तळाशी वाटीभर पाणी दिसलं की मात्र त्यांना घास उतरत नसे. मी त्यांचा थोरला जावई. उरणकडचा, जातीचा कोळी, पण चार बुकं जास्त शिकून नेरूळच्या शाळेत मास्तर झालेला. त्यातून मला होडी लागते. पाय ठेवला की मळमळायला लागतं. कोळ्याच्या पोराला होडी लागते ही गोष्ट सासऱ्यांनी लग्नाआधी कुणाला कळू दिली नाही आणि लग्नानंतर कुणाला विसरू दिली नाही.

त्यांच्या होडीचा नियम होडीच्या अंगावरच लिहिलेला होता. बाहेरच्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांनी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. माणसं, जाळी, शीड, पिण्याच्या पाण्याचं मडकं असं सगळं चढवून होडी निघायला तयार झाली, की पाणी त्या रेघेला नुसतं टेकलं पाहिजे. रेघेच्या वरची जागा मासळीची. त्यामुळे नवीन काही आत यायचं तर जुनं काहीतरी बाहेर जायलाच हवं. नव्या वस्तूला ते आधी खिळा मारत नसत, फक्त दोरीने बांधत. "यो पावना हाय," ते म्हणत. "पंधरा दिस र्‍हावंदे. कामाचा निंगला तं घरचा, नाय तं जाईल आपल्या घरी." पंधरवडा संपला की होडी चिखलात टेकवून ते त्या वस्तूसमोर उकिडवे बसत आणि तिला तीन प्रश्न विचारत. तू मासळी आणलीस का? कुणाचा जीव वाचवलास का? हाताचं काम हलकं केलंस का? वस्तूच्या वतीने उत्तरंही तेच देत, पण मन लावून देत. तीनही उत्तरं 'नाय' आली तर वस्तू त्याच पावली परत. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना मी कधी घाबरलो नाही, पण सासऱ्यांची ही परीक्षा सुरू झाली की मी दोन पावलं मागे सरून उभा राही.

या परीक्षेत भलेभले नापास झाले. गोदीत कामाला असलेल्या एका नातेवाइकाने त्यांना हौसेने पितळी होकायंत्र आणून दिलं. दोन्ही काठ डोळ्यांना दिसतात अशा खाडीत होकायंत्र कशाला, असं कुणीही विचारलं असतं, पण सासऱ्यांनी तसं केलं नाही. पाहुण्याला पाहुण्याचा मान द्यायचा म्हणून पंधरा दिवस ते त्याच्याकडे अदबीने बघत राहिले. सोळाव्या दिवशी निकाल लागला. "यो दिसभर उत्तरंलाच बगतं. मासली दक्षिनंला असली तरी याचा हेका सुटत नाय." होकायंत्र घरात आलं, आणि सासूबाई त्याच्या डबीत हळद ठेवू लागल्या. शेजारच्या होडीवाल्याने मोटारीचा रबरी भोंगा बसवला तेव्हा यांनीही एक मागून आणला, पंधरा दिवस वाजवला आणि परत केला. भोंगा वाजला की किनाऱ्यावरचे बगळे उडत, मासे जागचे हलत नसत.

माझी स्वतःचीही यात फजिती झाली. पहिल्या दिवाळसणाला मी मशीदबंदरच्या दुकानातून मोठ्या ऐटीत थर्मास घेऊन गेलो. नव्या जावयाने सासऱ्यांना द्यायची वस्तू म्हणून पूर्ण आळी तो बघून गेली. पंधरा दिवसांनी तो थर्मास कोऱ्या पंच्यात बांधून, सोबत दोन सुकट भरलेले डबे देऊन, सासऱ्यांनी स्वतः नेरूळला माझ्या खोलीवर आणून पोचवला. मिठागरांच्या बांधावरून एवढं चालत आले होते. "मास्तर, वस्तू चांगली हाय," ते म्हणाले. "चाय गरमच र्‍हाते. पन गरम हाय म्हनून ती बसून प्यावी लागते. मना बसायला वेल कुठं हाय?" मला राग आला होता हे मी कबूल करतो. तो थर्मास मी पुढे कित्येक वर्षं हट्टाने फळीवर ठेवून दिला.

याचा अर्थ ते नव्याचे वैरी होते असा कुणी करून घेऊ नये. नायलॉनचं जाळं निघालं तेव्हा कोळीवाड्यातले जाणते लोक त्याला हसत होते. सासऱ्यांनी ओट्यावर खाऱ्या पाण्याच्या दोन घागरी मांडल्या, एकीत सुताच्या जाळ्याचा तुकडा, दुसरीत नायलॉनचा. सुताचं जाळं कुजू नये म्हणून झाडाच्या साली उकळून त्या काढ्यात ते पुन्हापुन्हा भिजवावं लागे. हे काम तीस वर्षं सासूबाईंनी केलं होतं, आणि त्यांच्या हातांचा तांबूस रंग कधी गेला नव्हता. त्यामुळे त्या घागरींवर त्यांचा डोळा सासऱ्यांपेक्षा जास्त होता. महिन्याने सूत बोटांत तुटलं आणि नायलॉन जसंच्या तसं निघालं. सासऱ्यांनी बायकोचे हात बघितले आणि म्हणाले, "हात हलका केला गो यानं." त्या दिवशी काढ्याचं मोठं पातेलं घासून घरात आलं आणि त्यात पहिल्यांदा भात शिजला.

पण खरी कसोटी लागली ती इंजिनाच्या वेळी. साठ सालानंतरची गोष्ट. शिडाच्या होड्या एकेक करून इंजिनावर जात होत्या, आणि दुसरीकडे दिघ्याच्या बाजूला कारखाने उभे राहत होते. माझा मेहुणा, म्हणजे सासऱ्यांचा एकुलता मुलगा, एका कारखान्याच्या दारावर नाव नोंदवून आला आणि जेवताना म्हणाला, "बा, इंजिन बसव, नाय तं मी दिघ्याला जातो. वल्ही मारून माजे खांदे गेले." सासूबाईंनी वाढता हात थांबवला. सासरे जेवत राहिले. त्यांच्या वडिलांनी खाडी त्यांच्या हाती दिली होती आणि त्यांना ती मुलाच्या हाती द्यायची होती; जन्मात त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. हात धुऊन आल्यावर ते एवढंच बोलले, "आन पावन्याला."

इंजिन पावसाळ्यात आलं. होडी ओढून वर काढलेली होती, तिच्या मागच्या भागात मेहुण्याने ते बसवलं. पक्के बोल्ट लावायला सासऱ्यांनी परवानगी दिली, कारण दोरीने बांधलेलं इंजिन मेहुण्यासकट खाडीत जाईल हे त्यांनाही कळत होतं. नारळी पुनवेला नारळ वाहिला, इंजिनाला हळदकुंकू लावलं, आणि होडी पाण्यात ढकलली. सासरे नेहमीप्रमाणे मागच्या टोकाला सुकाणूजवळ बसले, वाकून रेघ बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. रेघ चार बोटं पाण्याखाली होती.

मग सुरू झालं सामान काढणं. मी किनाऱ्यावर होतो, जावई म्हणून नारळाला बोलावलेला. आधी जादा वल्ही बाहेर आली, मग नांगराचा दुसरा धोंडा, मग पाण्याच्या मोठ्या मडक्याऐवजी लहान मडकं गेलं. शीड काढा, असं मेहुणा म्हणाला. इंजिन बंद पडलं तर शीड जीव वाचवील म्हणून सासऱ्यांनी ते राहू दिलं. रेघ अजून बोटभर बुडालेलीच होती. आता होडीत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. सासऱ्यांनी एकदा चहूकडे बघून घेतलं, धोतर खोचलं आणि मागच्या टोकावरून कमरेएवढ्या पाण्यात उतरले. होडी हलली, आणि पांढरी रेघ पाण्याला येऊन टेकली.

"बा, वर ये," मेहुणा म्हणाला.

"रेग बग," सासरे म्हणाले. "बरोबर बसली. जा तू."

मेहुणा जागचा हलेना. तेव्हा त्यांनीच खांदा लावून होडी ढकलली. चाळीस वर्षांत ती होडी त्यांच्याशिवाय पहिल्यांदा निघाली. किनाऱ्यावर आले तेव्हा मी त्यांना हात दिला. ते म्हणाले, "मास्तर, तो थर्मास हाय का अजून? आता बसायला वेल हाय."

थर्मास मी दुसऱ्याच दिवशी पोचवला. पण घरी बसलेला हा माणूस घराला परवडणारा नव्हता. होडी हाताखालून गेल्यावर त्यांनी घर तपासायला घेतलं. सासूबाईंच्या फळीसमोर उकिडवे बसून ते एकेका डब्याला तीन प्रश्न विचारू लागले. आठवड्याभरात दोन पराती, एक मोडका पाळणा आणि माझ्या बायकोच्या लहानपणीची पाटी अंगणात आली. पाट्यावरवंट्यापर्यंत पोचले तेव्हा सासूबाईंचा धीर सुटला. मी शनिवारी गेलो तर त्या दारातच म्हणाल्या, "जावईबापू, यांना होडीत बसवा, नाय तं मी जाऊन बसते."

तिकडे होडीलाही ते मानवलं नव्हतं. इंजिनाच्या वजनाने तिचं मागचं टोक खाली बसे आणि तोंड वर उचललेलं राही. लाट आली की ती आदळे. मेहुण्याने बापाला न सांगता गोणपाटात वाळू भरली आणि ती गोणी तोंडाशी नेऊन ठेवली. होडी सरळ झाली. एके दिवशी ओहोटीच्या आत होडी परत आली, मासळी उतरली, तेव्हा बंदरावर थर्मास घेऊन बसलेल्या सासऱ्यांना ती गोणी दिसली. ते उठले, पाण्यात उतरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा होडीच्या भोवती पूर्ण फेरी मारून त्यांनी रेघ बघितली. मागे, मध्ये, तोंडाशी. पाणी सगळीकडे रेघेला टेकलं होतं. मग त्यांनी मेहुण्याला गोणी काढायला लावली आणि पुन्हा फेरी मारली. तोंडाकडची रेघ वीतभर हवेत, मागची तेवढी पाण्याला टेकलेली. जन्मभर ते मागच्या टोकावरून चढले, मागच्या टोकावरून उतरले, आणि तेवढ्या हातभर रेघेवर सगळ्या वस्तूंचे निकाल देत आले होते.

त्यांनी चूक कबूल केली ती अशी: "रेग लांब व्हती. मी तोकडी बगितली."

मग ते गोणीसमोर उकिडवे बसले. "हिनं मासली दावली?"

"नाय," मेहुणा म्हणाला.

"कोनाचा जीव वाचवला?"

"नाय."

"तुजा हात हलका केला?"

मेहुणा म्हणाला, "बा, तूच ये ना तिथं."

दुसऱ्या दिवशी गोणी किनाऱ्यावर राहिली आणि सासरे थर्मास घेऊन होडीच्या तोंडाशी बसले. चढताना त्यांनी मुलाला बजावलं, "मी पावना हाय. पंधरा दिसांनी सांग." तोंडाशी बसलेल्या माणसाला पाण्याचा रंग आधी दिसतो. मासळी कुठे आहे ते सासरे हाताच्या खुणेने दाखवत आणि मेहुणा त्या बाजूला इंजिन वळवी. पंधरवडा संपला त्या संध्याकाळी मेहुण्याने होडी चिखलात टेकवली आणि तो बापासमोर उकिडवा बसला. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'होय' आलं. बाकीचे दोन त्याने विचारलेच नाहीत. दिघ्याला तो पुन्हा गेला नाही.

अशी सहा वर्षं ते तोंडाशी बसून गेले. शेवटच्या पावसाळ्यात होडी वर काढली आणि ती परत पाण्यात जायच्या आधी सासरे गेले. सासूबाईंनी थर्मास कोऱ्या पंच्यात बांधून माझ्या हातात दिला. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. पुनवेनंतर मेहुण्याने वाळूची गोणी आणून होडीच्या तोंडाशी ठेवली, त्याशिवाय होडी सरळ बसत नाही. परवा गेलो होतो तेव्हा मी खाली वाकून बघितलं. रेघ नव्याने रंगवलेली आहे, पाणी तिला टेकलेलं आहे. गोणीला बसायला त्याने फळ्यांचं खोकं ठोकून घ्यावं, लाटेत ती सरकते, असं मी त्याला सुचवलं. त्याने गोणीची दोरी तेवढी आवळली. चार वर्षं झाली तरी गोणी अजून दोरीनेच बांधलेली आहे.