दगडी बंगल्यातला पितळी मुखवटा

दगडी बंगल्याचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे, आणि आठवलं की हसूच येतं.

तेव्हा मी सांगलीत, विश्रामबाग भागात निरीक्षक होतो. आमच्या हद्दीतल्या गर्द झाडांच्या एका गल्लीत जुना दगडी बंगला होता. पुण्यात राहणाऱ्या मालकांनी तो हौसेनं नवा करून घेतला, जुन्या पितळी वस्तूंनी सजवला आणि वडूजकडच्या एका तरुण जोडप्याला भाड्यानं दिला. भिंतीवरची एकही वस्तू हलवायची नाही, असं करारात बजावलेलं. नवरा बँकेत, बायको जवळच्याच कॉलेजात शिकवायची आणि तिचे दिवस भरत आलेले. नातवंडाचं तोंड बघायला सासरे गावाहून आले होते. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस.

एकदा मालक बंगल्यावर आले, तर दारातला पितळी मुखवटा गायब! भिंतीवर नुसता खिळा. ते तडक ठाण्यात आले.

"साहेब, भाडेकरूंनीच विकलाय. मिळाला नाही तर आठवड्यात घर खाली करायला लावतो."

त्यांच्यामागोमाग आलेल्या त्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. अशा अवस्थेत ती दुसरं घर कुठं शोधणार होती? मालकांचा मला मनस्वी राग आला. पण तक्रार ती तक्रार, अर्ज दाखल करून घेतला.

हवालदारांना भंगारवाल्यांकडे आणि भांड्यांच्या दुकानांत पिटाळलं. हात हलवत परत आले. मग समोरच्या बंगल्यातल्या बाईंचा फोन आला. "माझं नाव कुठं येऊ देऊ नका हं. मुलगा-सून कामावर गेल्यावर म्हातारबा स्टुलावर चढले होते. काहीतरी काढून घोंगड्यात गुंडाळलं." नाव येऊ देऊ नका म्हणणारी माणसं बहुधा खरं बोलतात, हा माझा अनुभव.

म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावलं नाही. मालकांना घेऊन मीच बंगल्यावर गेलो. स्वतःच्या घरात माणूस जरा मोकळा बोलतो.

"आबा, मुखवटा चोरलात?"

"न्हाई."

"मग कुठं हाय, ठाव हाय?"

आबांनी मुंडासं सारखं केलं. सून रडकुंडीला आली. "आबा, बोला की हो!"

मी मूळचा खटावचा, वडूजच्याच भागातला. भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात घेऊन आमच्याकडे कोणी खोटं बोलत नाही. कायद्यात हे कुठंच बसत नाही, तरी म्हटलं, "आबा, भंडारा उचला आन् म्हणा, मुखवट्याचं मला कायबी ठाव न्हाई."

"न्हाई उचलत," आबा ठामपणे म्हणाले.

"झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?" मालक ओरडले.

मला मात्र उलट हायसं वाटलं. अट्टल चोर मी पुष्कळ पाहिलेत. ते भंडारा काय, पोराच्या डोक्यावर हात ठेवूनही खोटं बोलतात. तेवढ्यात माझी नजर आबांच्या बोटांवर गेली. ती आधीच पिवळी होती. बंगल्यात देव्हारा नव्हता. मग हा माणूस हळद वाहत होता कुणाला?

"आबा, देव कुठं बसवलाय?"

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. त्यांनी आम्हाला कोठीच्या खोलीत नेलं. ज्वारीच्या पाटीत घोंगड्याची घडी, त्यावर मुखवटा, कपाळभर भंडारा आणि पुढं उदबत्ती.

"आवं साहेब, ह्यांनी खंडोबा चपलांच्या कपाटावर टांगला व्हता! येणारा-जाणारा देवाच्या तोंडाम्होरं जोडं काढतोय. पोराला सांगितलं असतं, तर करार करार करून त्यानं परत खिळ्याला लावला असता. मी चोरला न्हाई. नीट बसवला."

"मला वाटलं, शोपीस आहे," मालक पुटपुटले. मग त्यांनी खाली पाहिलं. पायात बूट तसेच होते. गडी लगबगीनं दारापर्यंत गेला, बूट काढून आला आणि पाटीपुढं वाकला. सून रडता रडता हसायला लागली आणि मलाही हसू आवरेना.

हवालदारानं हळूच विचारलं, "साहेब, मुद्देमाल कुठून जप्त दाखवायचा?"

"जप्त कशाला करतोस बाबा? वस्तू घरातच मिळाली, असं लिही."

मालकांनी अर्ज मागं घेतला. पुढं आबांच्या नातीच्या बारशाला तेही आले होते, मीही होतो. नव्या करारात त्यांनी आपणहून भर घातली: भिंतीवरचं काही हलवू नये, देव सोडून.

चोरीची तक्रार आली की पोलीस आधी विचारतात, वस्तू गेली कुठं? त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी आधी विचारत आलो, ती ठेवली होती कुठं?