दवंडीने बदललेला करार

दिंद्रुडच्या रहीममियाँ मास्तरांनी मला उर्दू शिकवली नसती, तर त्या दिवशी मुन्सफ कोर्टात मी नुसताच उभा राहिलो असतो. निजामी अमलात कोर्टाचं कामकाज उर्दूतून चाले. आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. बी.ए. होऊन वकिलीची सनद घेतली होती, आणि हा माझा तिसरा खटला.

माझा मुवक्किल, म्हणजे पक्षकार, सिरसाळ्याचा गणपत रंगारी. त्याने मल्लाप्पा वाण्यांची मोकळी जागा पाच वर्षांच्या लेखी कराराने भाड्याने घेतली होती. तिथे त्याचे निळीचे तीन रांजण जमिनीत पुरलेले होते. दोन वर्षांनी मल्लाप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं. मांडवाला जागा हवी, आणि निळीचा वास नको. गणपतला विचारावं, हे काही त्यांना सुचलं नाही. त्यांनी गावात दवंडी पिटवली : "ऐका हो! मल्लाप्पांच्या करारात पाचाच्या जागी दोन वर्षं समजावीत!"

आंबवलेली नीळ जागेवरून हलवली की नासते. जागा गेली असती, तर गणपतचा धंदाच बुडाला असता.

कोर्टात मल्लाप्पा म्हणाले, "सरकारचा हुकूम दवंडीनं लागू होतो. मंग माजा कावून न्हाई?"

"तुम्ही सरकार आहात का?" मी विचारलं.

"माज्या जागेपुरता हाय की!"

त्यांच्या वकिलांनी दुसरा मुद्दा काढला. दवंडी तीनदा झाली. गणपत तिन्ही वेळा जागेवर होता. ऐकूनही गप्प बसला, म्हणजे त्याला बदल कबूल.

मी घाबरलो. गणपतला विचारलं, "गणपतराव, तुम्ही गप्प का बसलात?"

"तोंडात निळीचं पानी होतं, वकीलसाब. बोलू कसा?"

नीळ तयार झाली का, हे रंगारी रांजणातलं पाणी जिभेवर घेऊन ओळखतात. माझ्या कायद्याच्या पुस्तकांत हे कुठेच नव्हतं.

मल्लाप्पा उसळले, "तिन्ही खेपेला, बे?"

"रांजन बी तीनच हायेत, अप्पा."

मुन्सफसाहेब पुढे झुकले. "जबान दिखाओ."

गणपतने जीभ काढली. निळीशार. शिरस्तेदार जागेवरून उठून बघायला आला. मी घाईघाईने कायद्याची कलमं वाचू लागलो, पण ऐकतो कोण? मल्लाप्पांच्या वकिलांनी हरकत घेतली, की ही जीभ आजची आहे, दवंडीच्या दिवशीची नव्हे. हरकत रीतसर नोंदवली गेली.

निकाल लगेच झाला. करार दोघांनी केला, तर एकट्याला तो बदलता येत नाही. दवंडी ऐकणं म्हणजे संमती नव्हे, गप्प बसणंही नव्हे.

मग जीभ कशाला पाहिली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या महिन्यात मी मास्तरांना पत्र लिहिलं :

"आदरणीय मास्तर, सलाम.

आपल्या कृपेने खटला जिंकलो. निकालानंतर दोन्ही पक्षकार एकत्रच माझ्याकडे आले, कारण लग्न तोंडावर होतं. मी नवा कागद लिहिला. चार दिवस रांजण झाकून मांडव घालायचा, बदल्यात मुदत एक वर्ष वाढवायची. दोघांनी राजीखुशीने निशाणी केली. लग्न पार पडलं.

आता मल्लाप्पा म्हणतात, चार दिवसांसाठी वर्ष फुकट दिलं. गणपत म्हणतो, झाकणांवर वऱ्हाड जेवायला बसलं. करार एकट्याने बदलला तर दोष त्या एकट्याचा. दोघांच्या संमतीने बदलला, की दोष वकिलाचा होतो.

आपला शागीर्द,
दामोदर"