नलारबॉरमधली डिश आणि आईचा रविवार

शनिवारी सकाळी आम्ही ऑस्ट्रेलियातल्या नलारबॉरच्या ओसाड मैदानाच्या मधोमध, हायवेवरच्या एका रोडहाउसच्या कॅरव्हान पार्कात होतो. पप्पा डिश घेऊन बाहेर, मी आत टीव्हीसमोर. दर दोन मिनिटांनी बाहेरून हाक... "आला का सिग्नल?" आणि आतून माझं उत्तर... "झीरो, पप्पा."

हे आदल्या संध्याकाळपासून चालू होतं.

आई-पप्पा वसईहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे, पूर्व किनाऱ्याजवळ केलीव्हिलला आलेत. भाऊ पार पश्चिमेला कालगुर्लीला खाणीत इंजिनीअर आहे, म्हणून कॅरव्हान भाड्याने घेऊन रस्त्यानेच त्याच्याकडे निघालो. शनिवारी पोचायचं, म्हणजे आईची रविवारची चर्चमधली मिस्सा चुकणार नाही, हा प्लॅन माझा. मग शुक्रवारी एक टायर फुटला, नवा येईपर्यंत अख्खा शनिवार इथेच काढावा लागला... आणि रविवार वाटेतच उजाडणार हे नक्की झालं. जवळचं चर्च अख्ख्या दिवसाच्या ड्राइव्हवर.

"प्रवासात माफ असतं गं," पप्पा आईला म्हणाले.

"माफ असतं म्हणून सोडायची?" आई म्हणाली. दोन बाळंतपणं सोडली तर तिचा एकही रविवार चुकलेला नाही. विषय संपला.

फोनला नेटवर्क नाही. रोडहाउसच्या वायफायवर साधा फोटो उघडेना. राहिली डिश... रविवारी सकाळी टीव्हीवर मिस्सा लागते.

प्रवाशांसाठी इथे सॅटेलाइट टीव्हीची सोय आहे, फक्त बॉक्स आधी रजिस्टर करावा लागतो. ते मी निघायच्या आठवडाभर आधीच केलं होतं. फॉर्मवर परतीची तारीख होती, ती एखाद्या दिवसाने चुकली तर खोटं लिहिल्यासारखं होईल का, हे विचारायला मी फोनसुद्धा केला. पलीकडची बाई हसून "नो वरीज" म्हणाली. मी तरी पुन्हा एकदा विचारलं.

डिश लावण्यात मात्र पप्पा उस्ताद. आमच्या आळीतल्या निम्म्या डिश त्यांनी लावल्यात, वादळ होऊन गेलं की लोक अजून त्यांनाच बोलावतात. त्यांनी ट्रायपॉड उभा केला, वाऱ्याने पडू नये म्हणून त्याला पाण्याचा कॅन टांगला आणि डिशचं तोंड आग्नेयेला केलं. वसईत करतात तसं.

मॅन्युअलमध्ये ईशान्य लिहिलं होतं. मी ते तीन वेळा वाचलं होतं.

"पप्पा, यात नॉर्थ-ईस्ट म्हटलंय."

"हे छापणारा कधी छपरावर चढलाय का, बाय?"

मी मॅन्युअल मिटलं. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत दोन वर्षं उशिरा घातलं, तोवर अक्षरं, पाढे, नकाशे सगळं पप्पांनीच घरी शिकवलं. त्यांना "तुमचं चुकतंय" म्हणायला अजूनही माझी जीभ उचलत नाही. पण कालपासून "झीरो, झीरो" ओरडायला उचलत होती... काय म्हणावं याला!

शेजारच्या कॅरव्हानमध्ये एक ऑस्ट्रेलियन आजोबा होते. त्यांची डिश बरोबर दुसऱ्या बाजूला वळलेली. पप्पांनी ती पाहिली आणि हळूच मला म्हणाले, "त्याची उलटी लागलीय. बिचाऱ्याला माहीत नसेल."

"पप्पा, त्यांच्याकडे मॅच चालू आहे. आवाज येतोय."

"रेकॉर्डिंग असेल."

आजोबा दोनदा येऊन विचारून गेले, "यू राइट, मेट?" दोन्ही वेळा पप्पांनी पाना हलवत सांगितलं, "ऑल गुड, ऑल गुड!"

बारा वाजले. आई दारात आली. "नसेल लागत तर तसं सांगा. मी माळ घेऊन रोझरी म्हणेन." ती चिडली असती तर बरं झालं असतं... ती चिडली नव्हती.

मग मला राहवेना. मी बाहेर जाऊन विचारलं, "पप्पा, तुमची सावली कुठे पडलीय?"

त्यांनी खाली पाहिलं. भर दुपारी सावली रस्त्यापलीकडच्या समुद्राच्या बाजूला पडली होती, म्हणजे दक्षिणेला. इथे सूर्य उत्तरेकडून जातो आणि सॅटेलाइटही तिकडेच, विषुववृत्ताच्या वर. विषुववृत्त वसईच्या दक्षिणेला आहे, इथून ते उत्तरेला... एवढंच.

पप्पांनी पुन्हा एकदा सावलीकडे पाहिलं. मग शेजारच्या डिशकडे. मग त्यांनी पाना घेतला आणि डिश ईशान्येला फिरवली.

"बहात्तर!" मी आतून किंचाळले. "पप्पा, बहात्तर टक्के!"

वाटलं, आता खूश होतील. ते आत आले आणि म्हणाले, "तुला कालपासून माहीत होतं?"

"मी म्हटलं होतं की..."

"एकदा! पाढा चुकलीस की मी एकदाच सांगायचो का?"

सांगितलं तर छापणाऱ्याची अक्कल काढायची, नाही सांगितलं तर माझी. वर संध्याकाळभर माझ्याशी अबोला. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागितलं.

रविवारी सकाळी आई चर्चची साडी नेसून, केस नीट विंचरून टीव्हीसमोर बसली. चित्र एकदाही अडकलं नाही. मिस्सा इंग्लिशमध्ये होती, आई मात्र प्रत्येक उत्तर मराठीत देत होती.

मग मिस्सेतली, एकमेकांचा हात धरून शांती द्यायची वेळ आली. आईने माझा हात धरला, मग पप्पांचा. राहिलो आम्ही दोघं... आणि कॅरव्हानमध्ये तोंड फिरवायला जागा नसते.

पप्पांनी हात पुढे केला. "शांती असो, बाय. बोलत जा जरा."

"तुम्ही ऐकत जा."

"मिस्सा चालू आहे," आई म्हणाली. "दोघं गप्प बसा."

आईचा रविवार चुकला नाही, देवाचे आभार. आणि पप्पा, तुम्ही माझ्या पोस्ट वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहिते... तुमच्या रागाची भीती मला कधीच वाटली नाही. तुम्ही चुकलेले मला बघवत नाही, म्हणून गप्प होते.