सिरॅमिक्सला ऑनर्स का नाही?

आमच्या हायस्कूल डिस्ट्रिक्टचा अख्खा कोर्स कॅटलॉग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोंडपाठ असलेला माणूस साऱ्या न्यू जर्सीत एकच होता, आणि त्या माणसाचं एकही मूल त्या शाळेत नव्हतं. त्या शाळेत काय, कुठल्याच शाळेत नव्हतं. काका आणि काकू, दोघंच. आमच्यापासून चौथं घर, दारात तुळस आणि बर्फ काढायची दोन फावडी. काकांनी नोकरीत आयुष्यभर पूल बांधले आणि निवृत्त झाल्यावर, आता नदी उरली नाही म्हणून की काय, लोकांच्या मुलांची वेळापत्रकं बांधायला घेतली.

ज्यांची मुलं इथे शिकलेली नाहीत त्यांना एवढंच सांगतो की इथल्या हायस्कुलात एकच विषय तीन पातळ्यांवर मिळतो. साधा तो कॉलेज प्रेप, त्याच्या वरचा ऑनर्स, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एपी, म्हणजे शाळेच्या बाकावर बसून कॉलेजचा अभ्यास. पुढच्या वर्षी कुठला विषय कुठल्या पातळीवर घ्यायचा हे जानेवारीत ठरतं, आणि त्या महिन्यात आमच्या मराठी घरांत लग्न जमवताना असतो तसा ताण असतो. कोणी कोणाला खरं सांगत नाही. "आमच्याकडे काही प्रेशर नाही हं, तोच म्हणाला चार एपी घेतो," असं म्हणणाऱ्या बाईचा मुलगा मागे उभा राहून छताकडे बघत असतो.

अशा दिवसांत काकांना बहर यायचा. डिस्ट्रिक्टने कॅटलॉग छापणं बंद करून तो ऑनलाइन टाकला तेव्हा काकांना घरातलं कोणी गेल्यासारखं झालं. मग ते लायब्ररीत गेले, सगळी पानं छापून आणली, बाइंडिंग करून घेतलं, आणि पार्सलात येतो तो चुरगळलेला खाकी कागद इस्त्रीने सरळ करून त्याचं कव्हर घातलं. दरवर्षी नवा कॅटलॉग, नवं कव्हर, वर पांढरं लेबल. लेबलावर नाव स्वतःचं. इयत्ता नववी ते बारावी. तुकडीच्या पुढची जागा कोरी.

ओक ट्री रोडला भाजी घ्यायला गेलं की भेंडीच्या ढिगापलीकडून कोणाला तरी विचारणारा त्यांचा आवाज यायचा, "काय रे, थोरल्याचं केमिस्ट्रीचं काय केलंस?" खाण्यापिण्यालाही त्यांनी पातळ्या लावून टाकल्या होत्या. काकूंची साबुदाण्याची खिचडी ऑनर्स. आमच्या हिची अळूवडी एपी. मी एकदा हौसेने केलेला उपमा खाऊन ते म्हणाले, "कॉलेज प्रेप. पण प्रयत्न दिसतो." ज्या कोर्सला पुरेशी मुलं नाव नोंदवत नाहीत तो शाळा रद्द करते, आणि अशा कोर्सचं काकांना सुतक लागायचं. लॅटिन बंद झालं त्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले आणि नुसतं ताक पिऊन गेले.

जानेवारीतल्या कोर्स नाइटला, म्हणजे शाळा पालकांना बोलावून सगळं समजावते त्या संध्याकाळी, काका राखाडी स्वेटर घालून पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसत. कौन्सेलरबाईंना ते कोणाचे आजोबा आहेत हे कधीच कळलं नाही. त्या फक्त एवढंच ओळखून होत्या की शेवटी हा हात वर होणार आणि दरवर्षीचाच प्रश्न येणार. सिरॅमिक्सला ऑनर्स का नाही? "मॅडम," काका उभे राहून म्हणायचे, "क्ले इज ऑल्सो डिफिकल्ट." पालक हसायचे. काका मात्र गंभीर असायचे. मातीचं भांडं करायला फिजिक्सपेक्षा कमी डोकं लागतं हे त्यांना कोणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगतो. काकांकडे सल्ल्याला जाणाऱ्या आईबापांना ते आधी बाहेर काढत. "तुम्ही जरा गॅरेज बघून या," म्हणत. मग मुलाला समोर बसवून एकच प्रश्न विचारत. माझी मुलगी इरा नववीत असताना मी दाराला कान लावून तो ऐकला आहे. "अलीकडे असं कधी झालं, की आईने जेवायला हाक मारली आणि तुला ऐकूच आली नाही?" इराने विचार केला आणि म्हणाली, "व्हेन आय वॉज पेंटिंग द सेट. बाबांच्या प्लेसाठी." आमच्या मराठी मंडळाच्या नाटकासाठी तिने गॅरेजमध्ये पडद्यावर एक खिडकी रंगवली होती, खरी. पण तो काय विषय झाला? काकांनी कॅटलॉगचं पान उघडलं. स्टेजक्राफ्ट. नेपथ्य, प्रकाश, सुतारकाम.

"काका, ह्याला ऑनर्स आहे का?" मी गॅरेजमधून थेट आत.

"नाही."

"एपी?"

"नाही."

"मग जीपीएच्या सरासरीला उपयोग काय?"

"तुला कोणी आत बोलावलं?" काका म्हणाले.

इरा हसली. पंधरा वर्षांची मुलगी बापाच्या फजितीवर हसली की तिने निर्णय घेतला असं समजावं. ऑनर्स हिस्टरी खाली उतरली आणि स्टेजक्राफ्ट वेळापत्रकात आलं. मी आठवडाभर काकांशी अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, की तुम्ही हे सगळं कशासाठी करता? काका कव्हरच्या घड्या घालत होते. म्हणाले, "आठवीला मी गावाहून तालुक्याच्या शाळेत पंधरा दिवस उशिरा पोचलो. अ, ब, क भरलेल्या. मला ड तुकडीत बसवलं. ड ला गणिताचे मास्तरच नव्हते. गणिताच्या तासाला आम्ही मैदानातले दगड वेचायचो."

"मग बदलून का नाही मागितली?"

"कोण मागणार? वडील फाटकापर्यंत आले होते. आत जाताना टोपी काढायची की ठेवायची हेच त्यांना कळेना. परत गेले." घडी बोटाने दाबत ते म्हणाले, "तेवढं विचारायला कोणी आत यायला हवं होतं."

मला तेव्हा आठवलं, की आमच्या ओळखीतल्या एका बाई, इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या, मुलीला वरचा वर्ग मागायला शाळेत गेल्या तेव्हा काका त्यांच्याबरोबर गेले होते. ते काही बोलले नाहीत म्हणे. शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले, आणि बाई बोलल्या.

हे सगळं मला माहीत होतं. ते मला कोणी नंतर सांगितलं असतं तर आज मला लपायला जागा तरी असती.

पुढच्या संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम होता. मी पडलो हौशी नट. चारचौघांत कोणाची हुबेहूब नक्कल केली की मला दोन दिवस जेवण गोड लागतं. दहा मिनिटांचा एकपात्री प्रवेश केला, 'कोर्सवाले काका'. राखाडी स्वेटर, खाकी कव्हर घातलेला कॅटलॉग, भेंडी, अळूवडी, क्ले इज ऑल्सो डिफिकल्ट. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. काका दुसऱ्या रांगेत बसून डोळे पुसत हसत होते. इथे थांबलो असतो तर ते त्यांच्या आयुष्यातलं एक कौतुक झालं असतं. पण हशा आला की मला आणखी हवा असतो. मी तिथल्या तिथे एक पालक उभा केला आणि त्याच्या तोंडून विचारलं, "काका, तुमची स्वतःची मुलं कुठल्या लेव्हलला होती हो?" मग चष्मा नाकावर आणून, त्यांच्या आवाजात, मीच उत्तर दिलं, "आमचा कोर्स कॅन्सल झाला. कोणी नावच नोंदवलं नाही."

सगळ्यात मोठा हशा तो. तसा मला ना त्याआधी कधी मिळाला, ना नंतर. काकाही हसले. टाळी वाजवली. काकू मात्र पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या, आणि पडदा पडेपर्यंत त्यांना ते सापडलं नाही.

काका पडद्यामागे आले. माझ्या हातातला कॅटलॉग घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "कव्हर छान घातलंस," म्हणाले. "फक्त मी लेबल उजव्या कोपऱ्यात लावतो." माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गेले.

गाडीत मागच्या सीटवरून इरा म्हणाली, "दॅट वॉज मीन, बाबा." मी म्हणालो, अगं, तेही हसले. ती म्हणाली, "ही वॉज बीइंग पोलाइट."

त्याच महिन्याच्या शेवटी कोर्स नाइट होती. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची रिकामी. कौन्सेलरबाईंनी शेवटी "एनी क्वेश्चन्स?" म्हणून सवयीने त्या खुर्चीकडे पाहिलं. मी घरी येताना काकांची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, चहा केला. काका थंडीबद्दल बोलले, छपराच्या पन्हळीबद्दल बोलले. मी दोनदा "काका, त्या दिवशी" इथपर्यंत आलो आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्यापुढे चिवडा सरकवला. त्यांना राग आला असता तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. माणूस रागावलाच नाही तर माफी कशाची मागायची? लोक सल्ल्याला जात राहिले. काका त्यांना हसून सांगायचे, "आता सगळं ऑनलाइन आहे. तुमचं तुम्हीच बघा." भेंडीच्या पलीकडून आवाज यायचा बंद झाला.

दीड वर्षाने त्यांनी घर विकलं. काकूंची बहीण नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला असते, तिच्या जवळ त्यांनी जिन्याशिवायचं घर घेतलं. निघायच्या सकाळी काकांनी शेवटचा कॅटलॉग इराच्या हातात दिला. मला नाही, तिला. ती बारावीत जाणार होती. स्टेजक्राफ्टच्या तिसऱ्या वर्गात.

मी तो पुष्कळ दिवसांनी उघडला. प्रत्येक कोर्सच्या समासात बारीक पेन्सिलीने मराठीत नावं होती. आमच्या सगळ्यांच्या मुलांची. एपी बायॉलॉजीपुढे नऊ नावं, ऑर्केस्ट्रापुढे चार, साध्या अल्जिब्रापुढे कितीतरी. स्टेजक्राफ्टपुढे एकच. त्यापुढे लिहिलं होतं, 'हाक ऐकू येत नाही.' मी नावं मोजायला लागलो आणि अर्ध्यातच पुस्तक मिटलं.

इरा गेल्या जूनमध्ये हायस्कूलमधून बाहेर पडली. त्यामुळे ह्या जानेवारीत कोर्स नाइटला जाण्याचं मला काहीच कारण नव्हतं. गेलो. पहिली खुर्ची सोडून दुसरीवर बसलो. शेवटी बाईंनी विचारलं तेव्हा उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांचा आवाज न काढता, माझ्या स्वतःच्या आवाजात विचारलं, की सिरॅमिक्सला ऑनर्स का नाही? कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "ही यूज्ड टू आस्क दॅट. हाउ इज ही?"

पार्किंग लॉटमधूनच कॅरीला फोन लावला. काकांना सगळं सांगितलं, प्रश्न, खुर्ची, बाईंनी केलेली चौकशी. त्यांनी विचारलं, "मग काय म्हणाल्या, देणार का ऑनर्स?"

"विचार करू म्हणाल्या."

"दरवर्षी तेच म्हणतात." आवाजात जरा जुना काका आला. मला धीर आला. म्हटलं, "काका, तिकडच्या शाळेतही असणारच की कोर्स नाइट. जाता की नाही?"

"छे रे," काका अगदी सहज म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, मी शोधला. "आपलं मूल नसताना कशाला जाऊन बसायचं?"

मग त्यांनी इराची चौकशी केली, काकूंना फोन दिला, काकूंनी हिची चौकशी केली. मी गाडीत बसून राहिलो. शाळेतून पालक दोघादोघांनी बाहेर पडत होते, पातळ्यांवरून भांडत. शेजारच्या सीटवर खाकी कव्हरचा कॅटलॉग होता, उजव्या कोपऱ्यात लेबल, तुकडीची जागा अजून कोरी. इतकी वर्षं ते वाक्य ह्या माणसाला सुचलं नव्हतं. ते मी शिकवलं.