पोचलास की घंटा वाजव

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी आमच्या कामोठ्याच्या सोसायटीच्या जिन्यात होतो. लिफ्ट बंद, हातात भाजीची पिशवी, दुसरा मजला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या आणि मी पायरीवर बसलो. त्याला दीड महिना झाला. अजूनही त्या पायरीशी आलो की बसतो. गुडघ्यांचं निमित्त सांगतो.

वहिनींचा नवरा काशिनाथ खाडीकाठच्या गावातला कोळी. बेलापूरच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. निवृत्तीनंतर त्याची लेक वैशाली जपानात, डोंगरातल्या एका लहानशा गावी नोकरीला लागली आणि तिनं बापाला बोलावलं. वहिनी विमानात बसायला तयार नव्हत्या. त्यांनी त्याच्यासोबत लेकीकडे दोन गोष्टी धाडल्या, सुके बोंबील आणि मी. बोंबलांचा उपयोग झाला.

स्टेशनाबाहेर गरम पाण्यात पाय सोडून बसायची सोय होती. काशिनाथ तासभर बसला. "खाडी तापवून ठेवलीय यांनी!" पण त्याचं लक्ष डोंगरावरच्या देवळाकडे होतं. परतल्यावर त्याची बायपास ठरलेली होती. लेकीला त्यानं सांगितलं नव्हतं, मला माहीत होतं. "देव कुठचा का असंना, डोंगरावरचा हाय ना? आपली एकवीरा पन डोंगरावरच," म्हणाला. त्याला एक नमस्कार घालायचा होता, बस.

वैशाली कामावर गेल्यावर आम्ही दोघं निघालो. चारशेच्या वर पायऱ्या. अर्ध्यावर तो बसला. आणि मी शहाणा काय बोललो? "एकवीरेची पालखी नाचवणारा गडी तू, एवढ्यात बसलास?" तो हसला नाही. "तू जा. पोचलास की घंटा वाजव. मी हितूनच हात जोडतो."

वर पोचलो तर समोर गरम कॉफीचे डबे देणारं यंत्र. एक कॉफी प्यायलो. दुसरी काढायला गेलो तर मक्याचं सूप आलं. तेही प्यायलो. फोटो काढले. परत निघालो तेव्हा घंटा आठवली. तीन टोल दिले, दणदणीत. अंगण झाडणारी म्हातारी दोन्ही हात हलवत धावत आली. संध्याकाळी वैशालीनं सांगितलं, तिथं घंटा आल्यावर वाजवतात. निघताना वाजवली तर मिळालेलं पुण्य जातं म्हणे...

काशिनाथला मात्र मी पायरीवरच सांगून बसलो होतो, "पोचल्या पोचल्या वाजवली."

बायपास पार पडली. दोन वर्षं बरी गेली, मग पुन्हा हॉस्पिटल. शेवटच्या भेटीत मला राहवेना. "काश्या, ती घंटा मी निघताना वाजवली. विसरलो होतो रे."

तो म्हणाला, "माहीत हाय. शर्टावर कॉफी सांडली होती तुज्या."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचा? तू गेल्यावर वर धा-बारा येला घंटा वाजली. त्यातली तुजी कुठची, मला काय कलनार? सगल्यांना जोडले हात. दम लागला होता, तरी जोडले. मेल्या, केवढा येल लावलास!"

हसताना त्याला खोकला आला. नर्सनं मला बाहेर काढलं.

काल पुन्हा लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर बसलो. खाली सोसायटीच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवली, पाठोपाठ आणखी कुणी. वर जायचं त्राण नव्हतं. पिशवी बाजूला ठेवली आणि हात जोडले... दोन्ही वेळा.